दोन पॉइंट कमी

उन्हाळ्यात टायरमध्ये हवा दोन पॉइंट कमीच ठेवावी, हा सल्ला मी इतक्या जणांना दिला आहे की आता कुणाकुणाला दिला ते आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरं. डॉक्टरांना दिला, केमिस्टना दिला, बरोबरच्या एमआर पोरांना दिला. कुणी विचारलं नव्हतं तरी दिला. मार्च लागला की निपाणीच्या पेट्रोल पंपावर हवेच्या रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही मी सांगायचो, "ऊन वाढलंय, जरा कमी मारून घ्या." रस्ता तापतो, टायर तापतो, आतली हवा फुगते आणि टायर फुटतो. ऐकणाऱ्याला लगेच पटायचं. मलाही असंच लगेच पटलं होतं.

हे ज्ञान घरातलंच होतं. आमचे मामा तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाले शेतकरी निपाणीजवळ महामार्गावरच ठाण मांडून बसले, तेव्हा मामांचा ट्रक गावाबाहेर अडकून पडला. मी शाळेत होतो. डबा पोचवायचं काम माझ्याकडं. मामांना दुसरा उद्योग नव्हता, म्हणून त्यांनी मला टायर शिकवले. टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेऊन एकेका टायरवर हाणायची आणि आवाज ऐकायचा. भरलेल्या टायरवर टॉमी उसळून परत येते, आवाज टणक येतो. बसलेला टायर भद्द वाजतो. मागच्या जोडचाकातला आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, त्यासाठी ही युक्ती. मे महिन्यात घाट चढण्याआधी मामा प्रत्येक टायरमधली थोडी हवा सोडायचे आणि वरून बादलीभर पाणी मारायचे. मला हे सगळं पाठ झालं, आणि वर्गातलं पाठ केलेलं सगळं विसरलो तरी हे राहिलं.

मामांच्या टायरमध्ये ट्यूब होती, टायर जुन्या नायलॉनच्या बांधणीचे होते आणि ट्रक ताशी चाळीसनं चालायचा, हे मी पाठांतरात घेतलं नव्हतं. हवा सोडणं त्यांचंही चुकतच होतं म्हणा. पण चाळीसच्या वेगात ती चूक खपून जायची.

पुढं मी औषध कंपनीत एमआर झालो. हेडक्वार्टर बेळगाव, इलाखा म्हणजे संकेश्वर, चिकोडी, निपाणी, गोकाक आणि हद्द ओलांडून गडहिंग्लज. आधी स्कूटर, मग सेकंडहँड मारुती 800, मग त्याहून जरा बरी गाडी. माझ्या बॅगेत बहुतेक गोळ्या रक्तदाबाच्या असायच्या. 'त्रास होत नाही म्हणजे दाब ठीक आहे असं नाही, मोजायलाच हवा' हे वाक्य मी दिवसातून आठ-दहा डॉक्टरांपुढं म्हणत होतो. मग दवाखान्याच्या पायऱ्या उतरायचो, टायरला बुटाची एक लाथ मारायचो आणि 'ठीक आहे' म्हणून पुढच्या गावाला निघायचो. यात काही विनोदी आहे हे त्या नोकरीत एकदाही माझ्या लक्षात आलं नाही.

लाथ मारून रेडियल टायरची हवा कळत नाही. बघूनही कळत नाही. रेडियलची बाजू मुळातच मऊ. हवा बरोबर असतानाही तो खाली जरा फुगलेला दिसतो. तीस पॉइंटचा टायर आणि बावीस पॉइंटचा टायर शेजारी ठेवले तर मी आजही डोळ्यांनी सांगू शकणार नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्याबरोबर पैज लावायला तयार आहे. गेज लावावाच लागतो. तो तेव्हाही दोन-तीनशे रुपयांना मिळत होता. मी त्याहून महागडे पेन डॉक्टरांना फुकट वाटत होतो.

तरीही पुष्कळ वर्षं काही बिघडलं नाही, त्याचं श्रेय रस्त्याला. जुना हायवे, तेव्हाचा चार नंबर, दोनपदरी. वंटमुरीच्या घाटात ट्रकच्या मागं, संकेश्वरात बैलगाडीच्या मागं, तवंदीच्या घाटात परत ट्रकच्या मागं. बेळगाव ते निपाणी पाऊणशे किलोमीटरला सहज दोन-अडीच तास लागायचे. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा झिजायच्या आणि मधली नक्षी नवी राहायची. माझे टायर कायम असेच झिजायचे. दुकानदार नवा जोड विकायचा, मी टायर कंपनीच्या नावानं बोटं मोडायचो आणि पुन्हा लाथ मारत फिरायचो. मग सुवर्ण चतुष्कोन योजनेत रस्ता चौपदरी झाला, घाट रुंद झाले, गावं बाजूला पडली आणि तेच अंतर तासाभरात कापता यायला लागलं. माझा वेग पन्नासवरून शंभरवर गेला. हवेचं गणित मामांचंच राहिलं.

माझ्या गाडीचा टायर 165/80 आर 14. हिशेब मांडला तर शंभरच्या वेगात तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो. दर फेरीला टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना दबतो आणि सुटताना सरळ होतो. हवा कमी असेल तर तो जास्त दबतो, आणि ही सारखी दुमड रबरात उष्णता तयार करते. बाहेरच्या उन्हापेक्षा ही आतली उष्णता घातक. सावकाश चालताना ती वाऱ्यावर निघून जाते; शंभरच्या वेगात, भरलेल्या गाडीत, तिला निघून जायला सवडच मिळत नाही. मग आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. हे मी आता असं सांगतोय जणू मला कायमचं माहीत होतं.

2013 चा मे. बेळगावात शहापूरला लग्न होतं. दुपारी जेवणं आटोपून निपाणीला परत निघालो. गाडीत मी, ही, आक्का, तिचा मुलगा आणि शेजारच्या एक काकू. डिकीत सगळ्यांच्या पिशव्या, आहेराची भांडी आणि व्याह्यांनी आग्रहानं दिलेला लाडवांचा डबा. वंटमुरी ओलांडून एका पंपावर पेट्रोलला थांबलो. हवा मारणारा पोरगा रिकामाच होता. म्हटलं, बघून टाक. त्यानं गेज लावला आणि म्हणाला, "पस्तीस आहे, सर."

दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत तीस लिहिलेलं मला पक्कं माहीत होतं. तिथंच दुसरा रकाना होता, गाडी पूर्ण भरलेली असताना मागच्या चाकांना जास्त हवा सांगणारा. तो मी कधी वाचला नव्हता. आणि चिठ्ठीतला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी दोन-तीन तास सावलीत उभी असतानाचा, हेही नाही. पंचवीसेक किलोमीटर पळून आलेल्या टायरमध्ये भर दुपारी पस्तीस दिसणं अगदी योग्य होतं. दर पाच-सहा अंश तापमानाला दाब साधारण एका पॉइंटनं चढतो. टायर बनवणाऱ्यानं ते धरलेलं असतं. टायरच्या बाजूवर कमाल दाब छापलेला असतो, माझ्या टायरवर 51 होता. पस्तीसला त्याला काहीही होणार नव्हतं.

मी ऐटीत म्हणालो, "अठ्ठावीस कर चारी. ऊन बघितलंस का?"

त्या पोरानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मागं बसलेल्या तिघांकडं बघितलं. मग वॉल्व्हची टोपी काढली आणि हवा सोडली. चारी चाकांची. तो सुस्कारा मला अजून ऐकू येतो असं लिहायचा मोह होतोय, पण खरं सांगायचं तर मी तेव्हा पाकीट शोधत होतो.

गरम टायरमधले अठ्ठावीस म्हणजे थंड टायरमधले तेवीस-चोवीस. पाच माणसं, डिकी भरलेली, रस्ता रिकामा. हत्तरगीचा टोलनाका ओलांडला आणि मी शंभर गाठले. थोड्या वेळानं मागून आक्का म्हणाली, "गाडी थरथरायल्यागत वाटतंय काय रे?" मी म्हणालो, "रस्ताच तसला आहे." तिनं परत विचारलं नाही. माझा भाऊ एवढी वर्षं गाडी चालवतो, त्याला कळतंय, असं तिला वाटलं असणार. रस्ता गुळगुळीत होता, हे मला तेव्हाही दिसत होतं.

संकेश्वर काही किलोमीटरवर असताना मागचा डावा टायर फुटला. आवाजापेक्षा मागचं बूड एका बाजूला ओढलं गेलं ते आधी जाणवलं. अशा वेळी ब्रेकला हात लावायचा नसतो; स्टिअरिंग घट्ट धरायचं, ॲक्सिलेटर हळूहळू सोडायचा आणि गाडीला आपणहून मंदावू द्यायचं. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी अर्धी फिरली, कडेच्या दगडावर आपटली आणि चरीत तिरकी होऊन थांबली. मागून ट्रक येत नव्हता, एवढीच त्या दिवसातली माझी जमेची बाजू, आणि तीही माझी कमाई नव्हे. ही आणि काकू घाबरल्या होत्या, भाच्याच्या कपाळाला खोच पडली. आक्कानं समोरच्या सीटवर उजवा हात टेकून स्वतःला सावरलं होतं. मनगट मोडलं.

पुढचा अर्धा तास शिकवणुकीचा होता. लाडू आणि भांडी बाहेर काढून स्टेपनी वर घेतली; अंगठ्यानंही दबत होती. गाडी घेतल्यापासून मी तिच्याकडं बघितलंच नव्हतं. जॅक होता, पाना होता, पण नट हलेनात. शेवटचं काम झालं तेव्हा दुकानातल्या पोरानं मशीनच्या गननं ते आवळले होते आणि मी शेजारी उभा राहून, काम किती झटपट होतं म्हणून कौतुक केलं होतं. गननंतर हातपान्यानं एकदा तपासून घ्यावं, नट समोरासमोरचे आवळावेत, एवढं तर मामांनीसुद्धा शिकवलं होतं. कांद्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर गोकाककडचा, मराठी जेमतेम. त्यानं पान्यात लोखंडी पाइप घातला, त्यावर उभा राहिला आणि नट मोकळे केले. मग स्टेपनीवर हात ठेवून म्हणाला, "गाळी इल्ल री, सर." गाळी म्हणजे हवा, हे सीमाभागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आक्काला संकेश्वरच्या दवाखान्यात त्यानंच नेलं, त्याच टेम्पोतून, कांद्याच्या पोत्यांना टेकून. पैसे घेतले नाहीत.

आता यापुढचं सांगायला टायर फुटण्यापेक्षा जड आहे.

फुटलेला टायर निपाणीत ओळखीच्या टायरवाल्याकडं नेला. त्यानं तो डिस्कवरून उतरवला, आतून हात फिरवला आणि पंजा माझ्यापुढं धरला. तळहातभर काळा भुसा. टायरच्या आतल्या बाजूला, दोन्ही अंगांना, गोल वळ उठला होता. तिथलं रबर घासून घासून सुटलं होतं. तो म्हणाला, "ह्यो जास्त हवेनं नव्हं फुटला, सर. कमी हवेनं फुटलाय. असा भुसा दुसऱ्या कशानं पडतच नाही." मग त्यानं न सांगता बाकीचे तीन टायरही उतरवून बघितले. मागच्या उजव्यातही भुसा होता, थोडा. म्हणजे तोही वाटेवरच होता.

मी त्याचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं की टायरच खराब निघाला. नुसतं सांगितलं नाही, कंपनीकडं तक्रारही केली. त्यांचा माणूस आला, त्यानं तोच भुसा बघितला, तोच वळ बघितला, आणि कमी हवेवर चालवल्याचं लिहून दिलं. तो कागद मी फायलीत ठेवला. घरी म्हणालो, "कंपन्या कधी आपली चूक कबूल करतात होय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्काच्या हातात प्लेट घालावी लागली. बिल मी देतो म्हणालो, तर तिनं आपल्या ठेवीतून भरलं. "तुझी काय चूक त्यात? टायरच वाईट होता." मी दोनदा आग्रह केला आणि तिसऱ्यांदा केला नाही. मनगट नंतर पुरतं वळलं नाही. भाकरी थापताना ती आता हात फिरवत नाही, परात फिरवते.

बाकीच्या चुका या मानानं किरकोळ, पण वगळाव्यात असं नाही. त्या स्टेपनीवर डीओटी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे 1406 होते, म्हणजे 2006 सालचा चौदावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावं आणि कितीही नवं दिसलं तरी दहा वर्षांपुढं वापरू नये असं बनवणारेच सांगतात. मी त्या स्टेपनीत हवा मारून ती आणखी तीन वर्षं वागवली. एकदा गाडी डावीकडं ओढत होती तर मी स्टिअरिंग उजवीकडं धरून वर्षभर चालवली. अलाइनमेंटचे काहीशे रुपये वाचले. बाहेरून नक्षी छान दिसत होती. टायरवाल्यानं माझा हात धरून आतल्या कडेवरून फिरवला तेव्हा बोटाला तार लागली. तेव्हापासून मी टायर बघत नाही, चाचपतो. तळवा आतून बाहेर आणि बाहेरून आत असा दोन्हीकडून फिरवायचा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं खरखरीत लागलं तर चाकं सरळ बसलेली नाहीत.

आणि एकदा दोनच नवे टायर घेतले ते हौसेनं पुढं घातले, कारण इंजिन पुढं, स्टिअरिंग पुढं, ब्रेकचा जोर पुढं. झिजलेले मागं. जुलैत चोर्ल्याच्या घाटात भिजल्या वळणावर गाडीचा मागचा भाग माझ्याआधी गोव्याला निघाला. पुढची चाकं घसरली तर निदान वेग कमी करून सावरता येतं, मागची घसरली की गाडी फिरतेच. नवे टायर मागं घालायचे असतात. नक्षीच्या खोबणीत जागोजाग बारीक उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. आपल्याकडचा नियमही तोच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र मी तितकीही वाट बघत नाही. खोबण उथळ असली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो, आणि यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी 2019 ला आणि 2021 ला हायवेवर आलं तेव्हा रस्ता बंद तरी होता. साध्या सरीत तो चालू असतो.

भाचा शिकला, बेळगावला उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये लागला आणि दोन वर्षांपूर्वी त्यानं गाडी घेतली. एप्रिलमधल्या एका रविवारी निपाणीला आला होता. आक्का सोप्यात डाळ निवडत बसली होती. कोणीतरी त्याला म्हणालं, ऊन फार आहे, टायर सांभाळ. तो म्हणाला, "मामांनी लहानपणापासून सांगितलंय की. चिठ्ठीत तेहतीस आहे, मी तीसच ठेवतो. ह्या वेळी तर गरम टायरला तीस करून आलोय."

मामांनी. सोप्यात मी एकटाच मामा होतो.

मी गेज आणला. गाडी सकाळपासून फणसाच्या सावलीत उभी होती, टायर थंड झाले होते. सव्वीस, सव्वीस, पंचवीस, सव्वीस. तो ह्या गाडीतून दर शनिवारी बायको-पोराला घेऊन शंभर-एकशेवीसनं ये-जा करत होता. मग मी आत गेलो, ती फाइल काढली, कंपनीचा कागद त्याच्या हातात दिला आणि आक्कापुढं बसून सगळं सांगितलं. पंपावरचा पोरगा, पस्तीसचे अठ्ठावीस, काळा भुसा, थरथरणं. ती मध्ये एक शब्दही बोलली नाही. सूप मात्र खाली ठेवलं नाही, खडे काढत राहिली.

"म्हणजे टायर बरा होता?"

"होता."

"मी गाडी थरथरतीय म्हणाले होते."

"म्हणाली होतीस."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग दवाखान्याचं बिल तेव्हाच द्यायचं होतंस की रे. माझी ठेव मोडली ना त्यात."

दुसऱ्या दिवशी पैसे दिले. तिनं मोजून घेतले आणि व्याजाचं विचारलं. मला वाटलं चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती, तेही दिलं.

भाचा आता महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्याआधी, स्टेपनीसकट पाचही टायर स्वतःच्या गेजनं तपासतो. पंपांवरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत हे त्यालाही कळलं आहे. फक्त तो नायट्रोजन भरून घेतो, आणि पैसे देऊन. मी त्याला सांगून बघितलं की साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, उरलेल्यासाठी कशाला खर्च करतोस. खरी गोष्ट वेळच्या वेळी मोजण्याची आहे. या वेळी मी पूर्णपणे बरोबर होतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, टायरच्या बाबतीत तुमचं एकदा ऐकून बघितलंय."